युद्धात उद्ध्वस्त झालेले चेहरे घडवणारा सर्जन, ज्याचा धडा आज दुभंगलेल्या ओठांच्या बाळांना उपयोगी पडतोय

सिडकप हे तेव्हा इंग्लंडमधल्या केंट परगण्यातलं गाव होतं. पहिल्या महायुद्धाच्या काळात तिथल्या रस्त्यावरची काही बाकं निळ्या रंगाने रंगवलेली होती. या बाकांवर बसलेल्या माणसाचा चेहरा पाहून दचकू नका, अशी ती गावकऱ्यांसाठी खूण होती.

त्या बाकांवर बसायचे ते जवळच्या क्वीन्स हॉस्पिटलमधले सैनिक. कुणाचं नाक उडालेलं, कुणाचा जबडा, कुणाचा अर्धा चेहराच जळालेला. हॉस्पिटलच्या वॉर्डांमध्ये आरसे ठेवायला बंदी होती.

या हॉस्पिटलच्या केंद्रस्थानी जो सर्जन होता, त्याला आज आधुनिक प्लास्टिक सर्जरीचा जनक म्हणतात. नाव, सर हॅरॉल्ड गिलीज.

गिलीज यांची ओळख सैनिकांचे चेहरे नीट करणारा डॉक्टर अशीच आहे. पण त्या सैनिकांवर काम करताना ते जे शिकले, त्याचा फायदा पुढे एका वेगळ्याच पेशंटला झाला. तो पेशंट म्हणजे दुभंगलेला ओठ आणि दुभंगलेली टाळू घेऊन जन्माला आलेलं बाळ. आज अशा मुलांच्या चेहऱ्याचं थ्रीडी कॅमेऱ्याने मोजमाप होतं, त्याचं मूळही याच विचारापर्यंत जातं.

न्यूझीलंडचा खोडकर मुलगा

हॅरॉल्ड गिलीज यांचा जन्म १७ जून १८८२ रोजी न्यूझीलंडमधल्या ड्युनेडिन शहरात झाला. आठ भावंडांमध्ये ते शेंडेफळ. वडील रॉबर्ट गिलीज यांना आकाशनिरीक्षणाचा नाद होता, घरात त्यांनी वेधशाळाच उभी केली होती. पण हॅरॉल्ड चार वर्षांचे असतानाच वडील गेले.

लहानपणी जिन्याच्या कठड्यावरून घसरताना त्यांच्या उजव्या हाताचं कोपर मोडलं. ते नीट जुळलं नाही आणि हात कायमचा थोडा आखडलेला राहिला. पुढे याच हाताने त्यांनी हजारो नाजूक शस्त्रक्रिया केल्या. इतकंच नाही तर केंब्रिजमध्ये शिकताना १९०४ साली ऑक्सफर्डविरुद्धच्या प्रसिद्ध बोट रेसमध्ये वल्हं मारलं आणि गोल्फमध्ये इंग्लंडचं प्रतिनिधित्वही केलं.

डॉक्टरकीचं शिक्षण त्यांनी लंडनच्या सेंट बार्थोलोम्यूज हॉस्पिटलमध्ये घेतलं आणि कान-नाक-घशाचे सर्जन म्हणून काम सुरू केलं. १९११ मध्ये लग्न झालं. लंडनमध्ये प्रॅक्टिस, फावल्या वेळात गोल्फ, असं सगळं छान चाललं होतं. तेवढ्यात १९१४ साली महायुद्ध पेटलं.

स्वतःच्याच पत्त्याची लेबलं

हे युद्ध खंदकांमधलं होतं. सैनिकाचं शरीर मातीआड असायचं आणि डोकं वर काढलं की गोळी किंवा तोफगोळ्याचा तुकडा थेट चेहऱ्यावर. पूर्वी अशी जखम झालेला माणूस सहसा वाचत नसे. आता वाचू लागला, पण चेहरा नसलेला माणूस म्हणून.

१९१५ मध्ये गिलीज फ्रान्समध्ये रुजू झाले. तिथे त्यांना ऑगस्ट शार्ल व्हॅलादिए हे दंतवैद्य भेटले. तुटलेल्या जबड्यांवर ते करत असलेलं काम गिलीज यांनी जवळून पाहिलं. पॅरिसमध्ये इपोलित मोरेस्टां या सर्जनची शस्त्रक्रियाही पाहिली. गालावरची गाठ काढून झाल्यावर मोरेस्टांनी जवळचीच कातडी सरकवून ती जागा भरली. ते पाहून गिलीज यांनी आयुष्यात काय करायचं हे ठरवून टाकलं.

ब्रिटनला परतल्यावर ते वरिष्ठांच्या मागे लागले आणि १९१६ च्या सुरुवातीला ऑल्डरशॉटच्या लष्करी रुग्णालयात चेहऱ्याच्या जखमांसाठी वेगळा वॉर्ड सुरू झाला. पण आघाडीवरून पेशंट आपल्याकडेच येतील याची खात्री काय? गिलीज यांनी सामानाला बांधायची दहा पौंडांची लेबलं स्वतःच्या खिशातून विकत घेतली, त्यावर आपल्या वॉर्डचा पत्ता टाकला आणि युद्ध खात्याकडे पाठवून दिली. काही दिवसांनी खरोखरच ती लेबलं लावलेले सैनिक वॉर्डात येऊ लागले.

१ जुलै १९१६ ला सोमची लढाई सुरू झाली. ऑल्डरशॉटमध्ये २०० पेशंटची तयारी होती, आले सुमारे २,०००. तेव्हा या कामासाठी वेगळं हॉस्पिटलच लागणार हे स्पष्ट झालं आणि १९१७ मध्ये सिडकपचं क्वीन्स हॉस्पिटल उघडलं. पुढच्या काही वर्षांत तिथे ५,००० हून अधिक सैनिकांवर ११,००० पेक्षा जास्त शस्त्रक्रिया झाल्या.

भोक बुजवायचं की चेहरा परत आणायचा?

त्या काळात बहुतेक सर्जन चेहऱ्यावरची मोठी जखम दिसली की कडा ओढून टाके घालत. जखम भरायची, पण आतला व्रण आकसला की तोंड वाकडं व्हायचं, डोळा खाली ओढला जायचा. माणूस जिवंत राहायचा, पण त्याला धड खाता येत नसे, बोलता येत नसे.

गिलीज यांनी याच्या उलट सुरुवात केली. कडा ओढून शिवण्याआधी ते प्रश्न विचारत, की इथलं नेमकं काय गेलंय? आणि जे गेलंय असं वाटतंय ते खरंच गेलंय, की फक्त दुसरीकडे सरकलंय?

हे ठरवायचं तर आधी जे आहे ते आपल्या मूळ जागी नेऊन ठेवावं लागतं. ओठाचा कोपरा जिथे असायला हवा तिथे नेला, नाकपुडी तिच्या जागी नेली की मग जी मोकळी जागा उरते, तेवढंच खरं नुकसान. या पद्धतीने कधी कधी जखम आधीपेक्षा मोठी दिसायची. पण नवी कातडी किती आणि कोणत्या आकाराची लागेल याचा हिशोब मात्र बरोबर यायचा.

हा हिशोब सपाट कागदावर होणारा नव्हता. चेहऱ्याला खोली असते. म्हणून सिडकपमध्ये सैनिकांच्या चेहऱ्याचे प्लास्टरचे साचे घेतले जात. त्यावर हरवलेला भाग घडवून पाहिला जाई आणि मगच शस्त्रक्रिया ठरे. सोबतीला हेन्री टॉन्क्स होते. हे आधी सर्जन होते आणि नंतर चित्रकार झाले. सैनिकांच्या चेहऱ्यांची त्यांनी काढलेली पेस्टल चित्रं आजही लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्समध्ये जपून ठेवलेली आहेत. फोटो, चित्रं, साचे आणि एक्स-रे एकत्र करून गिलीज यांची टीम एकेका चेहऱ्याचा नकाशाच तयार करत असे.

प्लास्टिक सर्जरी या नावाचा प्लास्टिकच्या पिशवीशी काही संबंध नाही. तो शब्द ग्रीक भाषेतून आलाय आणि त्याचा अर्थ घडवणं, आकार देणं असा आहे. सिडकपमध्ये तो अगदी शब्दशः खरा होता.

जो वाचला नाही

पण गिलीज प्रत्येक वेळी बरोबर ठरले नाहीत.

हेन्री लम्ली हा तरुण वैमानिक १९१६ मध्ये विमान कोसळून भाजला होता. त्याचा जवळजवळ सगळा चेहरा गेला होता. १९१८ च्या सुरुवातीला गिलीज यांनी त्याच्या छातीवरची मोठी कातडी एकाच वेळी चेहऱ्यावर बसवायचा प्रयत्न केला. आधीच खचलेल्या शरीराला ते झेपलं नाही. कातडी सडली, संसर्ग झाला आणि मार्च महिन्यात लम्लीचा मृत्यू झाला.

गिलीज यांनी हे लपवलं नाही. १९२० मध्ये आलेल्या आपल्या चेहऱ्याच्या प्लास्टिक सर्जरीवरच्या पुस्तकात त्यांनी ही केस मांडली. त्यातून त्यांनी घेतलेला धडा असा होता, की जे काम उद्यावर ढकलता येतं ते आज उरकायची घाई करू नये. चेहरा टप्प्याटप्प्यानेच घडवायचा.

टप्प्याटप्प्याने काम करण्याचं साधनही त्यांना एका पेशंटवरच सापडलं होतं. ऑक्टोबर १९१७ मध्ये ते विली व्हिकरेज या खलाशावर शस्त्रक्रिया करत होते. जटलंडच्या सागरी लढाईत त्याचा चेहरा भाजला होता. छातीवरून उचललेल्या कातडीच्या पट्ट्या कडेने आत वळत असल्याचं गिलीज यांच्या लक्षात आलं. त्यांनी त्या कडा एकमेकींना शिवून टाकल्या आणि पट्टीची नळी झाली.

नळीमुळे आतला ओला भाग झाकला गेला, त्यामुळे संसर्गाचा धोका कमी झाला. तेव्हा अँटिबायोटिक नव्हती, म्हणून ही गोष्ट जीव वाचवणारी होती. शिवाय नळीचं एक टोक मूळ जागी जोडलेलं राहायचं आणि तिथून रक्त मिळत राहायचं. दुसरं टोक चेहऱ्यावर रुजलं की मगच पहिलं सोडवायचं. ओडेसामधल्या व्लादिमिर फिलातोव्ह यांनी अशीच नळी १९१६ मध्ये स्वतंत्रपणे वापरली होती, पण ती जगभर पोहोचली सिडकपमधून.

पुण्याची एक जुनी गोष्ट

कातडीला मूळ जागी जोडलेलं ठेवून फिरवायची, ही कल्पना मात्र युरोपची नाही.

टिपू सुलतानविरुद्धच्या युद्धात इंग्रज फौजेबरोबर असलेला कावसजी नावाचा एक गाडीवान टिपूच्या सैन्याच्या हाती सापडला. त्याचं नाक आणि एक हात कापण्यात आला. पुढे पुण्याजवळ एका वीट बनवणाऱ्या कारागिराने कपाळाची कातडी खाली वळवून त्याला नवं नाक बसवलं. मुंबई इलाख्यातल्या दोन इंग्रज डॉक्टरांनी ही शस्त्रक्रिया पाहिली आणि १७९४ मध्ये लंडनच्या एका मासिकात तिची हकिकत चित्रासह छापून आली.

ती वाचून जोसेफ कार्प्यू या लंडनच्या सर्जनने १८१४ साली तशी शस्त्रक्रिया करून दाखवली. तेव्हापासून युरोपात ही पद्धत भारतीय पद्धत म्हणूनच ओळखली जाते. गिलीज यांनी नाक बनवताना कपाळाची कातडी वापरली, त्यामागे हा सगळा इतिहास होता.

सैनिकाच्या टाळूकडून बाळाच्या टाळूकडे

आता मूळ मुद्द्यावर येऊ.

आईच्या पोटात बाळाचा चेहरा एकसंध तयार होत नाही. दोन्ही बाजूंचे उंचवटे वाढत वाढत मधे येऊन जुळतात. साधारण चौथ्या ते सातव्या आठवड्यात वरचा ओठ जुळतो, सहाव्या ते नवव्या आठवड्यात टाळू. हे जुळणं अर्धवट राहिलं की ओठ किंवा टाळू दुभंगलेली राहते. जगात साधारण दर ७०० बाळांमागे एकाला हे होतं. आपल्याकडे गरोदर बाईने ग्रहणात काही कापलं म्हणून बाळाचा ओठ फाटला, असं आजही म्हटलं जातं. ग्रहणाचा याच्याशी काही संबंध नाही आणि आईचा तर यात अजिबात दोष नसतो.

टाळू दुभंगलेली असेल तर प्यायलेलं दूध नाकातून येतं, कानाचे त्रास होतात आणि मोठेपणी बोलणं नाकातून येतं. कारण बोलताना टाळूचा मागचा मऊ भाग वर उचलून नाकाची वाट बंद करतो, इथे ते होऊ शकत नाही.

जुन्या शस्त्रक्रियेत टाळूच्या दोन्ही बाजू मधे ओढून शिवत. भोक बंद व्हायचं, पण मऊ टाळू आखूड पडायची आणि मागे पोहोचायचीच नाही. म्हणजे बोलणं नाकातलंच राहायचं. वर व्रणामुळे वरच्या जबड्याची वाढ खुंटायची.

गिलीज यांनी हे चित्र सिडकपमध्ये पाहिलं होतं, गोळीने टाळू फाटलेल्या सैनिकांमध्ये. १९२१ मध्ये त्यांनी आणि त्यांचे सहकारी दंत-सर्जन विल्यम केल्सी फ्राय यांनी एक लेख लिहून दुभंगलेल्या टाळूसाठी वेगळा विचार मांडला. आधी मऊ टाळू मागे तिच्या योग्य जागी न्यायची, म्हणजे बोलणं सुधारेल. पुढे कडक टाळूत जी फट उरेल ती ओढून शिवायची नाही, कवळीसारख्या पट्टीने झाकायची.

पट्टी आयुष्यभर लावणं कुणालाच सोयीचं नव्हतं, त्यामुळे ही पद्धत तशीच टिकली नाही. पण टाळू मागे नेण्याचा विचार टिकला. गिलीज यांच्याबरोबर सिडकपमध्ये काम केलेले पॉमफ्रेट किल्नर यांनी पुढे यावर बरंच काम केलं. टाळूच्या एका शस्त्रक्रियेला आजही त्यांचं नाव जोडलेलं आहे.

सिडकपची आणखी एक देणगी म्हणजे भूल. चेहऱ्यावर शस्त्रक्रिया करायची तर भुलीचा मास्क ठेवायचा कुठे? आयव्हन मॅगिल आणि स्टॅनली रोबोथॅम या तिथल्या भूलतज्ज्ञांनी श्वासनलिकेत नळी घालून भूल देण्याची पद्धत विकसित केली. सर्जनला चेहरा मोकळा मिळाला आणि पेशंटचा श्वासही सुरक्षित राहिला. आज बाळाच्या टाळूचं ऑपरेशन नळी घालूनच होतं.

शिष्यांनी पुढे नेलेला विचार

युद्ध संपल्यावर गिलीज यांच्या शाखेला फारसं कुणी विचारत नव्हतं. त्यांना सर हा किताब मिळाला तो १९३० मध्ये. दुसरं महायुद्ध सुरू झालं तेव्हा संपूर्ण ब्रिटनमध्ये पूर्णवेळ प्लास्टिक सर्जन होते फक्त चार. गिलीज, किल्नर, आर्किबाल्ड मॅकिंडो आणि रेन्सफर्ड मोलेम. मॅकिंडो तर गिलीज यांचेच नातेवाईक. त्या युद्धात गिलीज यांनी बेसिंगस्टोकजवळच्या रुक्सडाउन हाउसमध्ये काम केलं. युद्धानंतर मायकल डिलन आणि रॉबर्टा कॉवेल यांच्यावर त्यांनी केलेल्या शस्त्रक्रिया लिंगबदलाच्या इतिहासातही महत्त्वाच्या मानल्या जातात.

त्यांच्याकडे जगभरातून डॉक्टर शिकायला येत. मुंबईचे डॉ. नोशिर अँटिया त्यांच्यापैकीच एक. भारतात परतल्यावर त्यांनी जे. जे. हॉस्पिटलमध्ये प्लास्टिक सर्जरीचा विभाग उभा केला आणि कुष्ठरोगाने विद्रूप झालेले चेहरे आणि हात सुधारण्यासाठी काम केलं.

अमेरिकेचे राल्फ मिलार्ड हे दुसरे शिष्य. कोरियात काम करताना दुभंगलेल्या ओठांची मुलं पाहून त्यांच्या लक्षात आलं, की वरच्या ओठाचा जो धनुष्यासारखा आकार असतो, तो या मुलांमध्ये नाहीसा झालेला नाही. तो आहे, फक्त तिरका होऊन वर सरकलाय. म्हणजे गिलीज यांचाच प्रश्न, गेलंय की सरकलंय?

मिलार्ड यांनी तो भाग फिरवून खाली आणला आणि मोकळ्या झालेल्या जागेत शेजारचा भाग पुढे सरकवला. ही पद्धत जगभर पसरली आणि आजही ओठाच्या अनेक शस्त्रक्रिया तिच्यावरच आधारलेल्या आहेत. १९५७ मध्ये गुरू-शिष्यांनी मिळून प्लास्टिक सर्जरीवर दोन खंडांचं पुस्तकही लिहिलं.

महाराष्ट्रातही या विषयात महत्त्वाचं काम झालं. नागपूरच्या मेडिकल कॉलेजमध्ये प्लास्टिक सर्जरीचा विभाग उभा करणारे डॉ. सी. बालकृष्णन यांनी १९७५ मध्ये दुभंगलेल्या ओठ-टाळूचं सुटसुटीत वर्गीकरण मांडलं. ते नागपूर वर्गीकरण म्हणूनही ओळखलं जातं.

शेवटपर्यंत ऑपरेशन टेबलाशी

गिलीज हे गंभीर चेहऱ्याचे प्रोफेसर कधीच नव्हते. वेषांतर करून लोकांना फसवणं, गोल्फचा चेंडू बिअरच्या बाटलीवर ठेवून मारणं, असले उद्योग त्यांनी म्हातारपणीही सोडले नाहीत. चित्रंही ते उत्तम काढायचे.

ऑगस्ट १९६० मध्ये एका १८ वर्षांच्या मुलीच्या पायावर शस्त्रक्रिया करताना त्यांच्या मेंदूत रक्ताची गुठळी झाली. १० सप्टेंबर १९६० रोजी, वयाच्या ७८ व्या वर्षी त्यांचं निधन झालं.

साच्यापासून थ्रीडी कॅमेऱ्यापर्यंत

दुभंगलेल्या ओठाची शस्त्रक्रिया साधारण बाळ काही महिन्यांचं असताना होते, टाळूची बहुतेकदा दीड वर्षाच्या आत. टाके निघाल्यावर बाळ गोड दिसतं आणि घरचे सुटकेचा श्वास टाकतात. पण शस्त्रक्रिया खरंच कशी झाली हे तेव्हा कळतच नाही. मूल वाढतं तसं व्रण जबड्याला मागे धरून ठेवतो का, नाकपुडी खाली बसते का, चेहरा एका बाजूला झुकतो का, हे कळायला दहा-पंधरा वर्षं जावी लागतात.

मग हे मोजायचं कसं? साध्या फोटोत खोली दिसत नाही आणि डोकं जरासं कललं तरी माप चुकतं. सीटी स्कॅनमध्ये रेडिएशन असतं, ते लहान मुलाला वारंवार देता येत नाही. प्लास्टरचा साचा घ्यायचा तर रडणाऱ्या बाळाच्या तोंडावर ओलं प्लास्टर कसं थापणार?

इथे थ्रीडी कॅमेरा कामी येतो. वेगवेगळ्या कोनांतून एकाच क्षणी फोटो घेतले जातात आणि कॉम्प्युटर त्यातून चेहऱ्याचा उंच-सखलपणा काढतो. बाळ हलायच्या आत काम झालेलं असतं. मग डोळ्यांचे कोपरे, नाकपुड्यांची मुळं, ओठांची टोकं अशा ठरावीक खुणा त्यावर मांडतात आणि अंतरं, कोन, फुगवटा मोजतात. चेहऱ्याची आरशातली प्रतिमा बनवून ती मूळ चेहऱ्यावर ठेवली की डावी-उजवी बाजू किती मिलीमीटरने वेगळी आहे तेही रंगांमध्ये दिसतं.

त्याच वयाच्या इतर मुलांच्या सरासरी चेहऱ्याशीही तुलना होते. पण ती सरासरी कुणाची, हे महत्त्वाचं आहे. युरोपातल्या मुलांचं नाक प्रमाण मानून नागपूरच्या मुलाचं नाक चुकीचं ठरवलं, तर निष्कर्षच चुकेल. म्हणून त्या त्या समाजाची मापं लागतात.

गिलीज यांच्या हातात प्लास्टर, पेन्सिल आणि स्वतःची नजर होती. एका सैनिकाच्या साच्यावरून ते त्या सैनिकाचा विचार करू शकत होते. आज एका मुलाचं तिसऱ्या महिन्यातलं, पाचव्या वर्षातलं आणि पंधराव्या वर्षातलं मोजमाप शेजारी ठेवता येतं. कोणत्या पद्धतीने चेहरा वाढू दिला आणि कोणत्या पद्धतीने अडवला, हे शेकडो मुलांवरून तपासता येतं. त्यामुळे पुढच्या बाळाच्या ओठावर सुरी चालवण्याआधी सर्जनला जास्त माहिती असते.

अर्थात कॅमेरा फक्त आकार मोजतो. ते मूल वर्गात हात वर करून उत्तर देतं का, आरशात बघून हसतं का, हे त्याला विचारूनच कळतं. ज्या हॉस्पिटलमध्ये आरसे ठेवायची बंदी होती, तिथल्या डॉक्टरांना हे वेगळं सांगावं लागलं नसतं.